मद्रासच्या सभेपूर्वीं आणि नंतर

देवळाचा महोत्सव साजरा करितांना प्रिय वाचकांनीं एका गोष्टीचें स्मरण ठेवावें. आज आपण सर्व एकाच मेंढपाळाच्या कळपांत आहों. मुंबई-साष्टींतील आपल्या पूर्वजांस हें भाग्य नव्हतें. पोर्तुगालच्या राजाचा पाद्रोआदो एकीकडे, रोमच्या प्रोपागांडा मंडळाचे मिशनरी दुसरीकडे, अशा ओढाताणींत मुंबईचीं देवळें सांपडलीं. 1794 सालीं तर इंग्रज कंपनीनें तीं उभय पक्षांस वांटून दिलीं. ख्रिस्ताच्या वेदीची वांटणी व्यापाऱ्यांनीं करावी, याहून मोठी नामुष्की ती कोणती? 1886 सालीं पोप तेरावे लिओ यांनीं भारतांत बिशपांची रीतसर श्रेणी स्थापिली. तरी मुंबईंतील दुहेरी अंमल 1928 पर्यंत टिकला.

ही हकीकत मनांत ठेवली म्हणजे सप्टेंबर 1944 मध्यें मद्रास येथें भरलेल्या महागुरुस्वामींच्या सभेचें मोल कळतें. त्याच सभेंत भारतीय कॅथलिक बिशप परिषदेचा जन्म झाला.

परिषद म्हणजे बिशपांवरील वरिष्ठ सत्ता नव्हे, हें आमच्या भाविकांच्या पुष्कळदां ध्यानांत येत नाहीं. प्रत्येक बिशप आपल्या धर्मप्रांताबद्दल पोपमहाशयांस जबाबदार असतो. कायदा करण्याचा अधिकार परिषदेस मोजक्याच बाबतींत आहे. त्यासही दोन तृतीयांश मतें व रोमची मान्यता लागते. तेव्हां तिचें पुढारीपण हुकमाचें नाहीं, मन वळविण्याचें आहे.

1969 सालीं परिषदेच्या विनंतीवरून उपासनेंतील बारा भारतीय प्रकारांस रोमनें मान्यता दिली. गुडघा टेकण्याऐवजीं अंजलिहस्त नमस्कार, मेणबत्त्यांऐवजीं तेलाचे दिवे, असे ते प्रकार. हें हिंदूंचें अनुकरण होय, असा कित्येक भाविकांनीं गहजब केला. सक्ती मात्र कोणावरही झाली नाहीं. जेथील बिशपांस योग्य वाटलें तेथें ते रूढ झाले. आमच्या मतें हें शहाणपणाचें झालें. पण दिव्याच्या तेलावरून इतका वाद घालणारे आम्ही जातिभेदाविषयीं फार काळ गप्प राहिलों, हेंही येथें लिहिलें पाहिजे.

1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें दलित ख्रिस्ती बांधव अनुसूचित जातींच्या सवलतींस मुकले. त्याविरुद्ध सरकारकडे दाद मागण्याचें काम परिषद अनेक दशकें करीत आली आहे. पण जातिभेद आपल्याच अंगणांतही आहे, अशी कबुली देणारें दलित-सक्षमीकरणाचें धोरण तिनें प्रसिद्ध केलें तें डिसेंबर 2016 मध्यें. सरकारास सांगणें त्या मानानें सोपें होतें. हें धोरण अमलांत आणणें एकेका बिशपाच्या आणि आम्हां धर्मगुरूंच्या हातीं आहे. परिषदेस तेथें हुकूम करितां येत नाहीं.