स्मार्ट वीजमीटर (वालीव, वसई-विरार)

स्मार्ट वीजमीटर : वापरलेली वीज दर १५ किंवा ३० मिनिटांनी नोंदवून ती नोंद स्वतःहून वीज कंपनीच्या संगणकाकडे पाठवणारे आणि आदेश मिळाल्यास पुरवठा दुरूनच तोडू-जोडू शकणारे इलेक्ट्रॉनिक मीटर. महाराष्ट्रात महावितरणच्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख बहुधा 'टीओडी (टाइम ऑफ डे) मीटर' असा येतो. पालघर जिल्ह्यातील वालीव परिसरात हे मीटर घरी लवकर बसवून घ्यायचे तर काय करावे लागते, उशीर कुठे होतो आणि बसल्यावर कशावर लक्ष ठेवावे, याची माहिती या नोंदीत दिली आहे.

वालीव हे वसई रोड स्थानकाच्या पूर्वेला, मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या बाजूचे मूळचे गाव. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली आणि वालीव शहरात आले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला. गोखिवरे, सातिवली, गोलाणी नाका आणि वालीव हा सलग औद्योगिक पट्टा आहे. गाळ्यांतून चालणारे लहान कारखाने आणि त्यांच्या आजूबाजूला कामगारांच्या चाळी, अशी इथली वस्ती. विजेच्या दृष्टीने हा भाग महावितरणच्या कल्याण परिमंडळातील वसई मंडलात मोडतो. राज्य वीज मंडळाचे (एमएसईबी) विभाजन होऊन महावितरण २००५ मध्ये अस्तित्वात आली, तरी वालीवच्या नाक्यावर आजही 'एमएसईबीचा माणूस' आणि 'लाईट बिल' हेच शब्द ऐकू येतात.

केंद्र सरकारच्या आरडीएसएस या वितरण सुधारणा योजनेला २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. देशभरात २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणे हे त्या योजनेचे एक मोठे उद्दिष्ट होते. महावितरणने २०२३ मध्ये सुमारे सव्वादोन कोटी मीटरची कंत्राटे दिली. त्यांत भांडुप, कल्याण आणि कोकण या परिमंडळांचे काम अदानी समूहाकडे गेले. वालीवची घरे त्यातच येतात. आधी पैसे भरा, मग वीज वापरा, ही पद्धत लोकांना मान्य नव्हती. महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे यांनी राज्यभर विरोधाची मोहीम चालवली. एका मीटरमागे सुमारे बारा हजार रुपये पडणारा खर्च अखेर वीजदरातूनच वसूल होईल, हा त्यांचा मुख्य आक्षेप. जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावले जाणार नाहीत, असे जाहीर केले. त्यानंतर बसू लागलेले मीटर पोस्टपेड आहेत : महिनाभर वीज वापरायची आणि मग बिल भरायचे, ही जुनीच पद्धत कायम राहिली. बसवताना ग्राहकाकडून पैसे घेतले जात नाहीत, असे महावितरण सांगते. ते खरे आहे. पण खर्च शेवटी कोणाच्या खिशातून जातो, हा होगाडे यांचा प्रश्न त्याने सुटत नाही, आणि तो विचारत राहणे ग्राहकाच्या हिताचे आहे.

मीटर मागितला आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर आला, असे होत नाही. कंत्राटदाराची माणसे परिसरनिहाय मीटर बदलत जातात. आपल्या परिसराच्या पाळीची वाट न पाहता मीटर हवा असेल तर व्यवहारात तीन वाटा आहेत : नवी वीजजोडणी घेणे, नादुरुस्त मीटरची तक्रार करून तो बदलून घेणे, किंवा छतावर सौर संच बसवणे. या तिन्ही ठिकाणी आता स्मार्ट मीटरच लागतो. तिसरी वाट स्वतःचे छप्पर असलेल्यांची. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत वैयक्तिक घराला एका किलोवॉटला ३०,०००, दोन किलोवॉटला ६०,००० आणि तीन किलोवॉट व त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान आहे. बंगला किंवा सोसायटी असेल तर विचार जरूर करावा. चाळीतल्या खोलीसाठी पहिल्या दोनच वाटा उरतात.

नव्या जोडणीसाठी 'ए-वन' अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावरून किंवा मोबाइल ॲपवरून भरता येतो. सोबत ओळखपत्र, जागेच्या मालकीचा किंवा ताब्याचा पुरावा (घरपट्टीची पावती, इंडेक्स-टू, नोंदणीकृत भाडेकरार यांपैकी जो असेल तो) आणि परवानाधारक वीज ठेकेदाराने दिलेला वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट लागतो. कार्यालयाकडून कोटेशन आले की रक्कम ऑनलाइन भरावी. वीज कायदा, २००३ च्या कलम ४३ नुसार पुरवठा मागण्याचा हक्क मालकाइतकाच भोगवटादारालाही आहे. म्हणजे भाडेकरू अर्ज करू शकतो. वीजजोडणी मिळाली म्हणून जागा मालकीची होत नाही, हेही कळून असावे. वालीवमध्ये बेकायदा बांधकामांचा प्रश्न जुना असल्याने हा मुद्दा वारंवार उपस्थित होतो.

मुदतीचे म्हणाल तर, केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार परिपूर्ण अर्जानंतर नवी जोडणी महानगरात तीन, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांत मिळायला हवी. परिपूर्ण हा शब्द इथे कळीचा. रखडलेले अर्ज पाहिले तर कारणे बहुतेक वेळा तीच ती असतात : टेस्ट रिपोर्ट नाही, पुराव्यावरचे नाव आणि अर्जावरचे नाव जुळत नाही, त्याच जागेवर आधीच्या भाडेकरूची थकबाकी आहे. ही तीन कामे आधी उरकणाऱ्याला दलालाची गरज पडत नाही. खांबावरून नवी वाहिनी टाकावी लागणार असेल तर मात्र वेळ वाढतो.

दुसरी अडचण भिंतीवरची. जिन्याखाली, सायकलींच्या मागे, गंजलेल्या पत्र्याच्या पेटीत दाटीवाटीने बसवलेले मीटर चाळींतून सर्रास दिसतात. वायरमन आला तरी सुरक्षित जागा नसेल तर तो परत जातो. मीटर नोंद पाठवतो ती रेडिओलहरींतून किंवा मोबाइलच्या जाळ्यातून. चारही बाजूंनी बंद लोखंडी पेटीत सिग्नल मिळणे कठीण होते आणि मग वाचनासाठी पुन्हा माणूस पाठवावा लागतो. पुराचाही विचार हवा. जुलै २०१८ च्या पावसात वसई परिसर पाण्याखाली गेला आणि वीजपुरवठा बंद ठेवावा लागला होता. आपल्या चाळीत तेव्हा पाणी जिथवर चढले होते, त्याच्या वर पेटी असावी. हे काम चाळमालकाचे. भाडेकरूंनी एकत्र येऊन ते आधी करून घ्यावे.

वालीवमधील भाडेकरूला स्वतंत्र मीटर घेण्याचे खरे कारण वेगळेच आहे. अनेक चाळींत मालकाच्या एका मीटरवर पाच-सहा खोल्या चालतात आणि प्रत्येक खोलीत सब-मीटर लावून मालक ठरवेल तो दर घेतला जातो. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे : शंभर युनिटपर्यंत सर्वांत कमी, मग १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यावर. पाच खोल्यांनी प्रत्येकी ८० युनिट वापरले तर एकाच मीटरवर ४०० युनिट दिसतात आणि त्यातले ३०० वरच्या टप्प्यांच्या दराने आकारले जातात. हीच पाच कुटुंबे स्वतंत्र मीटरवर असती तर सगळीच पहिल्या टप्प्यात राहिली असती. गरिबासाठी ठेवलेली सवलत गरिबापर्यंत पोचत नाही, ती इथे अडते. मीटर कोणत्या जातीचा, यापेक्षा तो आपल्या नावाचा आहे का, हा प्रश्न या भागात अधिक मोलाचा आहे.

मीटर बदलण्याचे प्रत्यक्ष काम थोड्या वेळाचे. वायरमन आधी ओळखपत्र दाखवतो. न दाखवल्यास मागावे. जुन्या मीटरवरचा शेवटचा आकडा टिपून त्याचा फोटो घेतो, सील तोडतो, सर्व्हिस वायर सोडवतो. नव्या मीटरच्या तळाशी चार खाचा असतात. दोनमध्ये खांबावरून येणारे फेज आणि न्यूट्रल, दोनमधून घरात जाणाऱ्या तारा. स्क्रू आवळून सील लावले की पडदा उजळतो आणि युनिट, व्होल्टेज, करंट, तारीख-वेळ एकामागून एक दिसू लागतात. घरातील दिवे-पंखे लावताच मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायला लागतो. जुन्या मीटरचा अखेरचा आणि नव्याचा पहिला आकडा असलेल्या बदल अहवालावर दोन्ही आकडे वाचल्याशिवाय सही करू नये. त्या दोन्हींचा फोटो स्वतःच्या मोबाइलमध्येही ठेवावा. यासाठी दारात कोणी रोख पैसे मागितले तर देऊ नयेत. जोडणीची रक्कम फक्त कोटेशनवर आणि पावतीवर भरायची असते.

नवा मीटर आल्यावर बिल वाढले, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते, आणि ती सरसकट झटकणे चुकीचे आहे. काही घरांत जुना मीटर मंद चालत असतो, म्हणून नव्याचा आकडा मोठा वाटतो. चाळींत मात्र आणखी एक कारण सापडते आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. वीजचोरी पकडण्यासाठी आजचे मीटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांतील करंट मोजतात आणि दोन्हींत फरक पडला तर मोठा आकडा धरतात. जुन्या वायरिंगमध्ये दोन खोल्यांचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र बांधलेले असते. मग शेजाऱ्याचा करंट आपल्या न्यूट्रलमधून परततो आणि त्याची वीज आपल्या मीटरवर चढते. तपासणी सोपी आहे : मेन स्विच चालू ठेवून घरातील सगळी उपकरणे बंद करायची आणि मीटरचा लाल दिवा पाहायचा. सगळे बंद असूनही तो लुकलुकत राहिला तर वायरिंग तपासून घ्यावे. हे काम मीटर बसण्याआधीच झाले तर उत्तम. वायरिंगमध्ये दोष नसेल आणि तरी आकडा पटत नसेल, तर लेखी तक्रार करून पडताळणी मीटर मागता येतो; २०२४ च्या दुरुस्तीनुसार तो पाच दिवसांत बसवून किमान तीन महिन्यांचा वापर ताडून पाहायचा असतो.

दिवसाच्या वेळेनुसार दर हा या मीटरचा एक खरा लाभ. जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैशांची सवलत लागू झाली. त्या दराने महिन्याला या वेळेत १०० युनिट वापरले तर ८० रुपये वाचतात. नवरा-बायको दोघेही दिवसभर कंपनीत असतील तर फार हाती लागत नाही. रात्रपाळी करून दिवसा पंख्याखाली झोपणाऱ्याला आणि घरी शिलाई मशीन चालवणाऱ्या बाईला ती उपयोगी पडते. धुण्याचे यंत्र, इस्त्री, पाण्याचा पंप ही कामे दुपारी उरकावीत. आपला वापर महावितरणच्या ॲपवर बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकून पाहता येतो.

मंजूर भारापेक्षा जास्त मागणी नव्या मीटरने दाखवली, म्हणून मीटर बसण्यापूर्वीच्या काळासाठी दंड आकारता येत नाही. जून २०२३ च्या केंद्रीय नियमदुरुस्तीत तशी स्पष्ट तरतूद आहे. 'आज रात्री वीज कापली जाईल, या मोबाइलवर फोन करा' असे संदेश फसवणुकीचे असतात, त्यांना उत्तर देऊ नये. तक्रारीसाठी १९१२, १९१२० आणि १८००-२१२-३४३५ हे क्रमांक आहेत. फोननंतर तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. स्थानिक कार्यालयाने दाद दिली नाही तर कल्याण परिमंडळाच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे आणि त्यानंतर मुंबईच्या विद्युत लोकपालांकडे जाता येते. मंचापुढे वकील लागत नाही, मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज दाखल करावा लागतो.