थेंब, अंतर आणि पीस : टेंभुर्णीच्या पावसातले पक्षिचित्रण

पावसात पक्ष्याचे छायाचित्र काढायचे म्हटले की बोलणे पहिल्यांदा शटरच्या वेगावर येते. शटर महत्त्वाचे आहेच, पण माझ्या मते त्याचा क्रम चौथा. पक्षी किती अंतरावर आहे, त्याच्या मागे काय आहे आणि उजेड कोणत्या दिशेने येतो, हे तीन प्रश्न आधीचे. त्यांची उत्तरे चुकली तर चित्रात पाऊस दिसत नाही, नुसता मळकटपणा दिसतो, आणि तो संगणकावर धुऊन निघत नाही. असे का होते, ते थेंबाच्या भौतिकीतून कळते.

टेंभुर्णी माढा तालुक्यातली, पुणे-सोलापूर महामार्गावरची. भीमेवरचे उजनी धरण जवळच. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचा जलाशय रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण ती गर्दी पावसाळ्यातली नव्हे. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला. वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. उजनी मुख्यतः भरते ती पुणे जिल्ह्यात सह्याद्रीवर कोसळलेल्या पाण्याने. पाणी चढले की काठाची चिखलपट्टी बुडते आणि उथळ पाण्यात चरणाऱ्या पक्ष्यांना जागा उरत नाही. म्हणून पावसात इथे धरणाकडे पाठ करावी आणि उसाचे बांध, कालव्याकाठचे रस्ते, विहिरीवर झुकलेल्या बाभळी धराव्यात. सुगरण, चातक, कोतवाल, वेडा राघू, टिटवी, कापशी घार हे इथल्या पावसाचे पक्षी.

पावसाची जातही वेगळी आहे. कोकणातली दिवसभराची झड इथे क्वचितच. मृगात दोन-चार सरी, मग लांबलेली उघडीप, आणि भरवशाचा पाऊस सप्टेंबरात, उत्तरा-हस्ताच्या सुमारास. तो बहुधा दुपारनंतर, गडगडाटासह, मोठ्या थेंबांचा आणि थोड्या वेळाचा असतो. पुष्कळदा पश्चिमेला ढग फाटून तिरपे ऊन येते आणि पूर्वेला सरी चालूच असतात. हा उजेड ही या भागाची खरी श्रीमंती. मात्र वीज कडकडत असताना मोकळ्या रानात किंवा झाडाखाली उभे राहू नये. गाडीच्या काचा चढवून आत बसावे. कोणतेही चित्र त्या जोखमीच्या मोलाचे नाही.

आता थेंब. अर्ध्या मिलिमीटरचा बारीक थेंब सेकंदाला सुमारे २ मीटर वेगाने पडतो, २ मिलिमीटरचा साडेसहा मीटर, आणि वळवाच्या सरीतला ५ मिलिमीटरचा ९ मीटर. समजा ३६ मिलिमीटर रुंदीचा सेन्सर आहे, ५०० मिलिमीटरची लेन्स आहे आणि सुगरण १० मीटरवर आहे. चौकटीची रुंदी तिथे ७२ सेंटिमीटर भरते. शटर १/१२५ सेकंद उघडे राहिले तर मधला थेंब तेवढ्यात ५ सेंटिमीटर खाली येतो, म्हणजे सुगरणीच्या लांबीच्या एक-तृतीयांश. चित्रात स्वच्छ रेघ उमटते. १/२००० ला तोच थेंब जेमतेम ३ मिलिमीटर सरकतो आणि मण्यासारखा दिसतो. १/५०० ला रेघ सव्वा सेंटिमीटरची होते. हा मधला वेग मी टाळतो, कारण ती रेघ ना पाऊस वाटते ना थेंब. चित्रावर ओरखडे पडल्यासारखे वाटते. स्थिर बसलेल्या पक्ष्याला १/१२५ ते १/२००, अंग झाडणाऱ्याला १/२००० किंवा जास्त, असा माझा स्पष्ट कौल आहे. उजेडाचा हिशेबही यातच येतो : गडद ढगाळ संध्याकाळी एफ ५.६ वर १/१००० ला आयएसओ ३२०० लागत असेल, तर १/१२५ ला ४०० पुरतो.

पण हे सगळे फोकसच्या पातळीवरच्या थेंबांपुरते झाले. त्याच लेन्सने, त्याच अंतरावर, एफ ५.६ ला स्पष्टतेची जाडी सुमारे १३ सेंटिमीटर असते. कॅमेरा आणि पक्षी यांच्यामधल्या १० मीटर पावसापैकी एवढ्याच चकतीतले थेंब थेंब म्हणून उमटतात. बाकीच्यांचे काय होते? कॅमेऱ्यापासून २ मीटरवरून पडणाऱ्या थेंबाचे सेन्सरवर जवळजवळ १९ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ पसरते, म्हणजे चौकटीच्या निम्म्याहून जास्त रुंदी. इतका पसरलेला थेंब वेगळा दिसणे शक्यच नाही. तो आपल्यातला आभाळाचा उजेड चित्रभर किंचित सांडतो. असे असंख्य थेंब मिळून जो पडदा तयार होतो, त्याने काळ्याची काळोखी जाते. कोलंबिया विद्यापीठातले क्षितिज गर्ग आणि श्री नायर यांनी २००४ पासूनच्या संशोधनात हेच मांडले, की कॅमेऱ्याला पाऊस दिसणे न दिसणे हे उघडझापीचा काळ आणि स्पष्टतेची खोली यांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

यातून निघणारा निष्कर्ष लेन्स विकत घेणाऱ्यांना आवडणार नाही. पक्षी २० मीटरवर असताना कन्व्हर्टर लावून तो चौकटीत मोठा करता येतो, पण मधला पाऊस २० मीटरांचाच राहतो. अंतर १० मीटरवर आणले तर पडदा निम्मा होतो. पावसात जवळिकीला पर्याय नाही.

आणि इथेच सर्वांत मोठी जबाबदारी येते. पावसाळा हा माळरानाच्या कितीतरी पक्ष्यांचा विणीचा काळ. माळढोकसुद्धा याच दिवसांत वीण करतो. त्याच्यासाठी १९७९ मध्ये घोषित झालेल्या अभयारण्यातले नान्नज याच जिल्ह्यात आहे. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि सरीत पिलांना पंखांखाली घेऊन बसते. तिला उठवले तर पिले भिजतात, गारठतात, आणि तेवढ्या वेळात मरूही शकतात. जवळीक साधायची ती गाडीतून, रस्त्यावरच थांबून, पक्ष्याला आपल्याकडे येऊ देऊन. बसलेल्या टिटवीच्या दिशेने पायी जाणे मी चूक नव्हे, गुन्हा मानतो.

पार्श्वभूमीचे गणित सोपे आहे. थेंब म्हणजे चिमुकली लेन्स; समोरच्या आभाळाचा मोठा भाग ती आपल्यात ओढून घेते. त्यामुळे थेंब जवळपास आभाळाइतका उजळ असतो. मागेही आभाळच असेल तर तो त्यात विरतो. मागे भिजलेली काळी माती, उसाच्या सऱ्यांमधला अंधार किंवा बाभळीचे खोड असेल तर प्रत्येक रेघ उठून दिसते. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पूर्वेकडे तोंड केले की उजळलेला पक्षी आणि मागे जांभळट ढग असे चित्र मिळते. पश्चिमेकडे वळले तर पिसांच्या कडांना सोनेरी रेघ येते, पण तेव्हा मागे उसाची भिंत शोधावी, नाहीतर सगळे धुऊन जाते.

पक्षी काय करतो तेही ओळखावे. बारीक पावसात पुष्कळ पक्षी पिसे फुलवून न्हातात. जोराच्या सरीत तेच पिसे अंगालगत दाबून, चोच वर करून ताठ बसतात, म्हणजे पाणी घसरून जाते. सर थांबल्यावर अंग झाडणे ठरलेले. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले कीटक उठले की कोतवाल आणि वेडे राघू एकाच तारेवरून झेपा घेत राहतात. त्या वेळी जागा बदलू नये.

संस्करणात पहिले काम आवाज कमी करण्याचे, म्हणजे जास्त आयएसओने आलेले दाणे काढण्याचे. रॉ फाइलवर ते आधीच करावे. इथे नव्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांवर डोळा ठेवावा लागतो : बारीक थेंबाला ती दाणा समजून पुसतात आणि ओल्या, चिकटलेल्या पिसांत नसलेले तंतू रेखतात. भिजलेली सुगरण कोरडी दिसू लागली की समजावे, साधन कल्पना लढवते आहे.

मग पडदा. धुके हटवणारी सरकपट्टी सगळ्या चित्रावर ओढण्याचा मोह टाळावा. या साधनांमागची एक गाजलेली पद्धत हे, सन आणि तांग या तीन संशोधकांनी २००९ मध्ये मांडली. स्वच्छ चित्राच्या बहुतेक लहान तुकड्यांत, निदान एका रंगात, कुठेतरी जवळपास काळा बिंदू असतो, हे तिचे गृहीतक. उसात उभ्या पांढऱ्या बगळ्यावर ते लागूच पडत नाही; त्याचे अंग हेच धुके ठरते आणि पक्षी राखी होतो. शिवाय पावसाच्या रेघा करकरीत होतात. त्याऐवजी पक्ष्यापुरता मुखवटा करून काळ्याची पातळी खाली आणावी, बाकी चौकट थोडी मऊ राहू द्यावी. रंगाचा तोलही पक्ष्यावरच साधावा. बाभळीखालच्या हिरव्या झाकेने चातकाचे पांढरे पोट आजारी दिसते. तीक्ष्णता डोळा, चोच आणि पिसांवरचे थेंब एवढ्यांपुरतीच.

डोळ्यावरून गेलेली रेघ पुसावी का? फियाप, पीएसए आणि आरपीएस या छायाचित्रण संस्थांच्या समान निसर्ग-व्याख्येनुसार कातरण्याखेरीज चित्रातला घटक काढणे, टाकणे किंवा हलवणे चालत नाही, आणि मला हा नियम योग्य वाटतो. उपाय रानातच आहे : पक्षी स्थिर असताना सहा-आठ चौकटींची छोटी मालिका घ्यावी. पक्षी तोच राहतो, पाऊस प्रत्येक चौकटीत नव्या जागी असतो, आणि एखाद्या चौकटीत डोळा मोकळा मिळतो. याच मालिकेतल्या प्रत्येक बिंदूचे मधले मूल्य घेतले तर पाऊस जवळजवळ नाहीसाही करता येतो. जात ओळखायला किंवा पायातल्या कड्यावरचा क्रमांक वाचायला ती युक्ती उत्तम. पण असे जोडचित्र वेगळ्या नावाने, मूळ रॉ फाइलींसह ठेवावे.