कुलाब्यातले बहात्तर आरसे

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की खेड शिवापूरच्या पुढे हायवेलाच आमचं गाव लागतं, वरवे बुद्रुक. दोन वर्षांपूर्वी आम्ही जुनं कौलारू घर उतरवून स्लॅबचं बांधलं आणि तेव्हापासून एप्रिल-मे महिन्यांत वरच्या खोलीत कुणी झोपत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता खाली सोडत बसतो. यंदा अण्णा (म्हणजे आमचे वडील) म्हणाले, "एवढं ऊन गच्चीवर फुकट पडतंय. तू इंजिनिअर ना? मग त्याच उन्हावर खोली गार करून दाखव की."

टोमणाच होता, पण डोक्यात बसला. शनिवारी लॅपटॉप उघडला, उन्हावर खोली गार करायचे प्रकार शोधायला लागलो आणि एका लिंकवरून दुसरीवर जात पोचलो थेट १८७८ सालच्या मुंबईत. त्यानंतर दोन वीकएंड त्यातच गेले.

तर मंडळी, विल्यम ॲडम्स नावाचा एक इंग्रज मुंबईत सरकारी नोकरीत होता. डेप्युटी रजिस्ट्रार, म्हणजे दिवसभर कागदपत्रं. इंजिनिअर वगैरे नव्हता. त्याच्या हाती ऑग्युस्त मूशो या फ्रेंच गणिताच्या मास्तराचं पुस्तक पडलं. मूशोनं चांदीचा मुलामा दिलेल्या धातूच्या मोठ्या शंकूनं ऊन एकवटून वाफेचं इंजिन चालवलं होतं. ॲडम्सला कल्पना आवडली, पण दोन गोष्टी खटकल्या. असा आरसा महाग पडतो, आणि फार मोठा करता येत नाही. आणि मुळात फ्रान्सच्या ढगाळ आभाळाखाली हा उद्योग कशाला? तो मुंबईत करा की!

त्याच्या बोलण्याला अर्थ होता. त्या काळी मुंबईच्या कापड गिरण्या ज्या कोळशावर चालायच्या, तो बराचसा इंग्लंडहून बोटीनं यायचा. म्हणजे डोक्यावर सूर्य तळपतोय आणि आपण भट्टीत घालायला सात समुद्रांपलीकडून दगडी कोळसा आणतोय.

ॲडम्सनं मूशोचा एक मोठा वाकडा आरसा सोडून दिला आणि साधे, सपाट, काचेचे छोटे आरसे घेतले. प्रत्येक १७ इंच बाय १० इंच. एका मोठ्या चौकटीवर ते असे बसवले की सगळ्यांचे कवडसे एकाच जागी पडावेत. (लहानपणी वर्गात आरशाचा कवडसा कुणाच्या तोंडावर पाडला नाही असा माणूस विरळा. ॲडम्सनं तेच केलं, फक्त सगळे आरसे एकाच तोंडावर!) एकेक आरसा वाढवत तो तापमान मोजत गेला. इंजिन चालवण्याजोगी वाफ मिळायला १२०० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ६५० सेल्सियस लागेल, असा त्याचा हिशोब होता आणि त्यासाठी ७२ आरसे पुरतील असं निघालं. कवडशात लाकडाचा तुकडा धरला तर तो तिथल्या तिथे पेटला.

बॉयलर मधोमध एका जागी उभा, आणि आरशांची चौकट त्याच्याभोवती अर्धवर्तुळाकार रुळावर ढकलायची, सूर्य सरकेल तशी. हे काम एक मजूर दिवसातून तीन-चार वेळा करेल, म्हणजे झालं. या मजुराकडे लक्ष असू द्या, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

कुलाब्यातल्या आपल्या बंगल्याच्या आवारात ॲडम्सनं अडीच अश्वशक्तीचं इंजिन या वाफेवर पंधरवडाभर चालवलं. इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. ७२ आरसे म्हणजे एकूण ८५ चौरस फूट, ८ चौरस मीटरच्या आत. त्यावर भर दुपारी पडणार जास्तीत जास्त ८ किलोवॅट ऊन. त्या काळच्या छोट्या इंजिनानं त्यातलं पाच टक्के कामाला लावलं तर मिळते जेमतेम अर्धी अश्वशक्ती. त्यामुळे अडीच हे इंजिनाच्या पाटीवरचं माप असावं, प्रत्यक्ष काम त्याहून बरंच कमी, असं माझं मत आहे. पण चाललं हे खरं, आणि बघायला कोण कोण आलं होतं? लष्कराचे सरसेनापती, न्यायाधीश, सार्वजनिक बांधकाम खात्याचे सचिव, मोठे गिरणीमालक. सगळ्यांनी वाहवा केली. इंजिनिअर लोक मात्र म्हणाले की कोळशाशी थेट टक्कर होणार नाही, जोडीला म्हणून बरं आहे. माझ्या मते हेच तेव्हाचं सगळ्यात नेमकं वाक्य होतं.

ॲडम्सनं आठ बाजूंच्या आरशांची एक सूर्यचूलही केली होती. भर जानेवारीत तिच्यावर सात शिपायांचं मांस आणि भाज्या दोन तासांत शिजल्या. हे सगळं त्यानं 'सोलर हीट' या पुस्तकात मांडलं (१८७८) आणि त्याला ससून इन्स्टिट्यूटचं सुवर्णपदक मिळालं. काळ्या घोड्याजवळची डेव्हिड ससून लायब्ररी ती हीच. त्यानंतर त्याचे प्रयोग थांबले. त्याची रचना मात्र टिकली. वाळवंटात एका मनोऱ्याभोवती हजारो सपाट आरसे मांडून वीज करतात ना, त्या सौर मनोऱ्याचा पूर्वज कुलाब्यातल्या बंगल्यात आहे.

आता अण्णांच्या प्रश्नाकडे. ॲडम्सनं उन्हातून वाफ काढली, पण गारवा? तोही त्याच वर्षी निघाला, फक्त पॅरिसमध्ये. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात मूशोनं आपला आरसा अमोनियाच्या शोषण यंत्राला जोडला आणि उन्हातून चक्क बर्फ काढून दाखवला. मुंबईत तेव्हा अजून बोस्टनहून जहाजानं आलेला बर्फ खाल्ला जायचा.

उष्णता देऊन गार कसं होतं, हे मला कॉलेजात पाठ होतं, पण कळलं नव्हतं. अगदी घरगुती उदाहरणं द्यायची तर माठ आणि मीठ. माठातलं पाणी बाहेर झिरपून उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार. बंद भांड्यातली हवा काढून टाकली तर पाणी पाच अंशांवरही असंच झरझर उडतं. पण झालेली वाफ कुणीतरी शोषायला हवी, नाहीतर भांडं वाफेनं भरून काम थांबेल. इथे मीठ येतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, कारण ते हवेतली वाफ ओढतं. मोठ्या इमारतींच्या यंत्रात लिथियम ब्रोमाइड नावाचं असंच एक फार तहानलेलं मीठ असतं. ते वाफ पितं, आणि पिऊन सुस्त झालं की तापवून पाणी उडवायचं आणि त्याला पुन्हा तहानलेलं करायचं. हे तापवण्याचं काम उन्हानं करायचं, एवढीच काय ती गोष्ट.

ॲडम्सनंतर मुंबईच्या गिरण्यांना ऊन मिळालं नाही, पाऊस मिळाला. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि सह्याद्रीचं पाणी गिरण्या चालवू लागलं. पुढे मुळशीलाही धरण आलं. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, तरी गावं बुडाली. मुळशी आम्हाला लांब नाही, वेल्हे ओलांडलं की आलंच. त्यामुळे कुलाब्यातले ते आरसे पाठपुराव्याशिवाय पडून राहिले, ही गोष्ट मला निव्वळ गंमत म्हणून वाचता येत नाही.

आरसे परत आले ते शंभरेक वर्षांनी. वोल्फगांग शेफलर या शास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात अशी तबकडी बनवली की ती सूर्यामागे फिरते, पण कवडसा एकाच जागी पडत राहतो. ॲडम्सचा मजूर इथे घड्याळासारख्या यंत्रानं बदलला, आणि तबकडी गच्चीवर चढली. शिर्डीला साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर २००९ मध्ये अशा ७३ तबकड्या बसल्या, प्रत्येकी १६ चौरस मीटर. दिवसाला ३५०० किलो वाफ, असा आकडा तेव्हा जाहीर झाला होता. सवयीनं ताळा केला. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण ०.७ किलोवॅट-तास, म्हणजे रोज २५०० युनिट उष्णता. आरसे ११६८ चौरस मीटर, त्यावर चांगल्या दिवशी पडणारं थेट ऊन साधारण ५८०० युनिट. अर्ध्याला थोडं कमी हाती येतंय. आकडा पटण्यासारखा आहे.

आयआयटी मुंबईत शिरीष केदारे यांनी 'अरुण' नावाची याहून मोठी, १६९ चौरस मीटरची तबकडी घडवली. लातूरच्या महानंद डेअरीत ती दूध तापवायला लागली. गारव्यासाठी ठाणे महापालिकेच्या कळव्याच्या रुग्णालयानं शेफलर तबकड्यांच्या वाफेवर एसी यंत्रणा बसवली. आणि पुण्याच्या थरमॅक्सनं २०११ मध्ये गुडगावच्या सौर ऊर्जा केंद्रात पन्हाळीसारखे लांब आरसे आणि तीन टप्प्यांचं शोषण यंत्र जोडून १०० किलोवॅटचा गारवा काढला. तेरा खोल्यांसाठी. म्हणजे मूशोचा बर्फ आणि ॲडम्सचे आरसे अखेर एकत्र आले, फक्त त्याला १३३ वर्षं लागली.

मग आमच्या गच्चीवर का नाही? दीड टनाचा एसी म्हणजे ५.३ किलोवॅट गारवा. दोन टप्प्यांचं शोषण यंत्र धरलं तर त्याला साधारण साडेचार किलोवॅट उष्णता लागेल, म्हणजे आरसे ९-१० चौरस मीटर. जागा आहे. पण एवढं छोटं यंत्र सहजी मिळत नाही, आणि त्याला जो कूलिंग टॉवर लागतो तो पाणी पितो. मे महिन्यात आमच्याकडे प्यायला टँकर, आणि मी पाणी उडवून खोली गार करणार! शिवाय आरशाला थेट ऊनच हवं, ढगातून झिरपलेलं चालत नाही. उलट २ किलोवॅटची वीज देणारी चार पॅनेल्स तेवढ्याच १० चौरस मीटरमध्ये बसतात, जागची हलत नाहीत, अंधुक उजेडातही काहीतरी देतात, आणि त्यावर बाजारातला साधा इन्व्हर्टर एसी दुपारी चालतो. २०१० नंतर पॅनेल्स इतकी स्वस्त झाली की घरगुती गारव्यात आरशांची बाजू पडली. जिथे वाफच हवी, म्हणजे डेअरी, मुदपाकखाना, कापड रंगवणं, तिथे आरसा मला अजूनही बरोबर वाटतो. आधी वीज करून मग तिनं पाणी उकळणं हा द्राविडी प्राणायाम आहे.

अण्णांना रविवारी चहा घेताना हे सगळं सांगितलं. कुलाबा, मूशो, शिर्डी, सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते आरसे रोज पुसणार कोण? तू येणार शनिवारी."

ॲडम्सचा मजूर. फिरवायला यंत्र आलं, पुसायला माणूस तो माणूसच. हायवेची धूळ आमच्या गच्चीवर तासाभरात बोटाला लागते.

"अण्णा, पॅनेल्ससुद्धा पुसावी लागतात," मी म्हटलं. "पण पंधरा दिवसांनी एकदा केलं तरी चालेल."

"मग ठीक आहे."

२ किलोवॅटचा अर्ज भरलाय, ६० हजार केंद्राचं अनुदान आहे. संध्याकाळी पुण्याला निघताना पाहिलं, तर अण्णा एका लांब बांबूला जुन्या धोतराचा बोळा बांधत बसले होते.