एका जिल्ह्यात दोन केसरी



जामखेडच्या मुलखात कुस्ती काय असते हे कुणाला समजावून सांगायला नको. गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की हलगी कडाडते आणि फडाभोवती माणसाला माणूस लागून बसतो. पोरांच्या नारळाच्या कुस्त्यांनी आरंभ होतो आणि दिवस मावळताना मोठ्या इनामाची जोड लागते. पाठ मातीला लागली की निकाल झाला. साक्षीला सारा गाव असतो. पण एका फडात जिंकलेल्या मल्लाला दुसऱ्या गावी पुन्हा नव्याने लढावे लागते. मग साऱ्या राज्यात थोर मल्ल कोण, हे ठरवायचे कसे?

मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ साली कुस्तीगीर परिषद उभी राहिली. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि १९६१ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पहिला 'महाराष्ट्र केसरी' ठरला: दिनकर दह्यारी. पुढे मातीबरोबर गादीही आली. आता मातीवरचा विजेता आणि गादीवरचा विजेता यांची शेवटी गाठ पडते, आणि जिंकेल त्याच्या खांद्यावर चांदीची गदा येते. त्या गदेचे मोल चांदीत नाही. साऱ्या तालमी, सारे वस्ताद ती एकच गदा मानतात, यात तिचे मोल आहे.

आता २०२५ साल पाहा. फेब्रुवारीच्या आरंभी अहिल्यानगरला कुस्तीगीर संघाची स्पर्धा झाली. तिथे पृथ्वीराज मोहोळ केसरी झाला. पंचांच्या निर्णयावरून वादही पुष्कळ झाला. मार्चअखेर आपल्या शेजारच्या कर्जतला कुस्तीगीर परिषदेची स्पर्धा झाली, तिथे वेताळ शेळके केसरी झाला. जिल्हा एक, साल एक, आणि केसरी दोन! २०२३ च्या नोव्हेंबरातही फुलगाव आणि धाराशिव अशा दोन ठिकाणी दोन केसरी झालेच होते. मल्लांनी घाम दोन्हीकडे गाळला. उणे त्यांच्यात नाही. फूट पडली ती संघटनांत.

असे फक्त आपल्याकडेच होते असे समजू नका. अमेरिकेत कॉलेजांच्या फुटबॉलचे मोठे वेड आहे. त्यांचा चेंडू लांबट, हातात घेऊन पळायचा. शरद ऋतूत हंगाम सुरू होतो आणि हजारो लोक सामन्यांना लोटतात. पण गंमत अशी, की कित्येक वर्षे तिथे शेवटचा निर्णायक सामनाच नसे. वृत्तपत्रांचे लोक मते देत, प्रशिक्षक वेगळी मते देत, आणि त्यावरून अजिंक्य संघ ठरे. १९९७ च्या हंगामात वार्ताहरांनी मिशिगनला अजिंक्य म्हटले, प्रशिक्षकांनी नेब्रास्काला. दोघेही हंगामात एकदाही हरले नव्हते, आणि एकमेकांशी खेळलेही नव्हते! २००३ साली पुन्हा असेच दोन विजेते झाले.

लोकांची कुरकुर वाढत गेली. अखेर २०१४ च्या हंगामापासून चार संघांची बाद फेरी ठरली, आणि २०२४ च्या हंगामात ती बारा संघांची झाली. तिचा शेवटचा सामना २० जानेवारी २०२५ रोजी झाला. ओहायो स्टेटने नोत्र दामला ३४-२३ असे हरविले आणि वाद उरला नाही. म्हणजे तिकडे दोनाचे एक झाले, आणि त्यानंतर दहा-अकरा आठवड्यांतच इकडे आपल्या जिल्ह्यात एकाचे दोन झाले.

याचा भार कोणावर पडतो? पहाटे उठून जोर-बैठका मारणाऱ्या पोरावर. त्याच्या खुराकासाठी घरातली म्हैस राखून ठेवलेली असते, बाप उसनवारी करतो. तो जिंकून आला आणि लोकांनी विचारले, "यातला खरा केसरी कोणता रे?", तर त्याने काय सांगावे?

शिक्षक बंधूभगिनींनो, शाळेच्या मैदानावर मुलांचे सामने लावाल तेव्हा पंच कोण आणि नियम कोणते, हे दोन्ही बाजूंच्या संमतीने आधी ठरवा. जोड मग लावा. गावचा फड पिढ्यानपिढ्या याच रीतीवर चालत आला आहे. ती रीत राज्याच्या फडात परत आली, तर गदा पुन्हा एक होईल.