लिपी, यंत्र आणि ऐच्छिक जोडण्या

श्रोतेहो, मनुष्याने बोरू खाली ठेवून यंत्र हाती घेतले, तेव्हापासून एक प्रश्न त्याच्या पाठीस लागला आहे. लिपीने यंत्राच्या सोयीप्रमाणे वागावे, की यंत्राने लिपीचे नियम शिकावेत? आज आपण ज्या हकीकतीकडे वळणार आहोत, ती वरवर पाहता अगदी कोरडी आहे. संगणकावर मजकूर लिहिण्याचा आणि दुरुस्त करण्याचा 'ईमॅक्स' नावाचा एक जुना कार्यक्रम आहे. त्यात देवनागरीसारख्या लिपी नीट उमटाव्यात म्हणून काही ऐच्छिक जोडण्या बसवाव्या लागल्या, त्याची ही हकीकत. पण या लहानशा गोष्टीत वरच्या मोठ्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे, आणि त्या उत्तराचा संबंध मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाशी येतो.

प्रथम अडचण कोणती ते पाहू. लग्नमंडपाच्या दारी आपण 'हार्दिक स्वागत' अशी पाटी लावतो. त्यातला 'हार्दिक' हा शब्द घ्या. उच्चाराच्या क्रमाने पाहिले तर ह, मग काना, मग र, त्याचा पाय मोडण्याची खूण, मग द, मग वेलांटी आणि शेवटी क, अशी सात चिन्हे त्यात येतात. पण कागदावर काय दिसते? द च्या आधी उच्चारला जाणारा र रफार होऊन डोक्यावर चढतो, आणि द च्या नंतर उच्चारली जाणारी वेलांटी त्याच्या डावीकडे जाऊन उभी राहते. एकजण मागून वर येतो, दुसरा पुढून मागे जातो. आपला हात बालपणापासून हे करीत आला आहे, म्हणून त्यात काही विशेष आहे असे आपल्याला वाटत नाही. ज्या यंत्राला हे ठाऊक नाही ते सातही चिन्हे रांगेने मांडते. र पाय मोडून जागच्या जागी उभा राहतो, वेलांटी द च्या उजवीकडे पडते, आणि वाचणाऱ्याला ती पुढच्या क ची वाटून तो 'दकि' असे वाचू लागतो.

शिशाच्या खिळ्यांच्या काळात हे ओझे जुळाऱ्याच्या हातावर होते. तो डोळ्यांना दिसते त्या क्रमाने खिळे लावी, वेलांटी आधी आणि अक्षर मागून. जोडाक्षरांसाठी त्याच्या पुढ्यात निरनिराळ्या खणांचा मोठा पसारा मांडलेला असे. मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरीच्या सुबक छपाईचा लौकिक दूरवर नेला. त्या लौकिकामागे खिळे घडविणाऱ्यांची आणि ते जुळविणाऱ्यांची अपार मेहनत होती. मेहनत अपार म्हणजे खर्च अपार, आणि खर्च आला की सुधारणेची हाक येते. रोमन लिपीला थोडे खिळे पुरतात, मग आपल्याला इतके का लागावेत, असा विचार पुष्कळांच्या मनात आला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'अ' ची बाराखडी पुरस्कारिली, त्यामागे मुद्रणाच्या सोयीचा विचार होता. १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या परिषदेने तर ह्रस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे, आखूड करून द्यावी अशी शिफारस केली. ही शिफारस लोकांच्या हातात रुळली नाही आणि पुढे सोडून द्यावी लागली. सुधारकांची तळमळ खरी होती, यात संशय नाही. मात्र यंत्र बदलता येणार नाही हे त्यांनी गृहीत धरले होते, आणि त्या काळी तसे धरण्यास सबळ कारणही होते.

संगणक आला आणि हे गृहीतक डळमळले. अक्षर साठविणे आणि अक्षर दाखविणे ही दोन कामे त्याने एकमेकांपासून वेगळी केली. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने 'इस्की' नावाची संकेतपद्धती प्रमाण म्हणून जाहीर केली. जगातल्या सर्व लिपींना एका कोशात बसविणाऱ्या 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती त्याच वर्षी निघाली, आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आराखड्यावर उभारलेली होती. दोहोंचे मूळ तत्त्व एकच आहे. साठवताना अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवावीत, आणि वेलांटी कुठे उभी करायची, रफार कुठे चढवायचा, हे दाखविणाऱ्या कार्यक्रमाने पाहून घ्यावे. निर्णय शहाणपणाचा होता. त्यामुळे शब्द शोधणे आणि अकारविल्हे लावणे सोपे झाले. पण त्याचबरोबर जुळाऱ्याची जागा रिकामी झाली. ती कुणी तरी भरणे भाग होते.

आता ईमॅक्सकडे वळू. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील एम. आय. टी. च्या प्रयोगशाळेत पहिला ईमॅक्स रचला. १९८४ मध्ये त्यांनी तो नव्याने लिहावयास घेतला, आणि कोणीही घ्यावा, वाचावा, सुधारावा अशा मुक्त स्वरूपात लोकांच्या स्वाधीन केला. अर्थातच तो इंग्रजीपुरता होता. त्याला इतर भाषांची दारे उघडून दिली ती जपानी माणसांनी. त्सुकुबा येथील सरकारी विद्युत्तंत्र प्रयोगशाळेत केनइची हांदा आणि त्यांचे सहकारी यांनी आधी जपानीपुरता बदल केला. हजारो चिन्हांची लिपी वापरणाऱ्या त्या मंडळींना इंग्रजीचा तोकडा अंगरखा पुरणे शक्यच नव्हते. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. 'म्यूल' या नावाने त्यांनी बहुभाषी ईमॅक्स सिद्ध केला. त्यात थाई, तिबेटी, इथिओपी अशा लिपींबरोबर देवनागरीलाही स्थान दिले. १९९७ मध्ये हे काम मूळ ईमॅक्सच्या विसाव्या आवृत्तीत सामील झाले. आपल्या लिपीची चिंता त्सुकुबात वाहिली जात होती, ही गोष्ट कौतुकाची खरीच, पण आपल्याला अंतर्मुख करणारीही आहे.

२००९ मध्ये तेविसावी आवृत्ती आली. तिने आतील सारा व्यवहार युनिकोडच्या पायावर आणला, आणि लिपीच्या मांडणीसाठी त्याच जपानी मंडळींच्या दोन 'लायब्ररी' वापरण्याची सोय केली. या शब्दाने कोणी पुस्तकांची कपाटे डोळ्यांसमोर आणू नयेत. अनेक कार्यक्रमांना उसनी घेता येईल अशी तयार कारागिरी, एवढाच येथे त्याचा अर्थ. पहिलीचे नाव 'लिबओटीएफ'. ओपनटाइप जातीच्या फाँटमध्ये, म्हणजे संगणकाच्या खिळेसंचात, अमुक दोन चिन्हे एकत्र आली तर अमुक जोडाक्षर घ्यावे अशी कोष्टके भरलेली असतात. ती वाचणे हे तिचे काम. दुसरीचे नाव 'एम१७एन-एफएलटी'. 'बहुभाषीकरण' या अर्थाच्या लांबलचक इंग्रजी शब्दातील पहिले व शेवटचे अक्षर ठेवून मधली १७ अक्षरे आकड्याने दाखविली, की हे चमत्कारिक नाव तयार होते. वेलांटी मागे न्यावी, रफार वर चढवावा, हे लिपीचे व्याकरण तिच्याजवळ असते. एकीजवळ खिळे आणि दुसरीजवळ जुळाऱ्याची अक्कल, असे म्हटले तरी चालेल.

या दोन्ही लायब्ररी 'ऐच्छिक' होत्या. लिनक्ससारख्या प्रणालीवर ईमॅक्स मूळ मजकुरापासून बांधून घेताना प्रथम 'कॉन्फिगर' नावाची पायरी येते. ती यंत्रात काय काय आहे याची झडती घेते. लायब्ररी सापडली तर जोडून घेते; न सापडली तर कुरकुर न करता पुढे जाते. शेवटी एक लांब यादी दाखविते. तीत हे वापरले काय, होय. ते वापरले काय, नाही. अशा ओळी असतात. त्यातली एक 'नाही' नजरेतून सुटली की ईमॅक्स बांधून होतो, सुरू होतो, इंग्रजी झकास दाखवितो, आणि मराठी मोडून ठेवतो. आणखी एक खोच अशी की, अनेक लिनक्स संचांत लायब्ररीची चालविण्याची प्रत वेगळी आणि बांधणीला लागणारी प्रत वेगळी असते. पहिली आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या माणसालाही झडतीत 'नाही' असेच उत्तर मिळते. तेव्हा उपाय एकच. बांधणीच्या प्रती आधी बसवाव्यात, मग झडती घ्यावी, यादी नीट वाचावी आणि मगच पुढे जावे.

२०२० मध्ये सत्ताविसावी आवृत्ती निघाली, आणि या जोडीची जागा 'हार्फबझ' नावाच्या एकाच लायब्ररीने घेतली. जुन्या जोडीला निवृत्तीची वाट दाखविण्यात आली. हार्फबझला रूप देणारे बेहदाद एस्फहबोद हे मूळचे इराणचे, आणि नावही फारसी आहे. 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाज' म्हणजे उघडे; ओपनटाइपचेच ते फारसी रूपांतर. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड यांतही हीच लायब्ररी काम करते. फारसीतही अक्षरे शेजाऱ्यानुसार रूप पालटतात, तेव्हा ही विद्या त्या बाजूने यावी यात नवल नाही. हार्फबझ आपणहून जोडून घेण्याचा प्रयत्न ईमॅक्स करतो. तरी ती नसली म्हणून बांधणी अडत नाही. ऐच्छिकपण अजून शिल्लक आहे.

कोणी म्हणेल, जरा वेडेवाकडे दिसले तर बिघडले काय? वाचणारा समजून घेईल. त्यांना आम्ही मराठीतलेच दोन शब्द दाखवू. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यास' दक्षिणा द्यावी आणि 'आचाऱ्यास' स्वयंपाकाचे साहित्य द्यावे. या जोड्यांतला सारा भेद त्या एका र च्या रूपात आहे. युनिकोडने त्यासाठी 'ऱ' या वेगळ्या चिन्हाची सोय ठेवली आहे. त्याचा पाय मोडून पुढे य लिहिला म्हणजे तो आडवा र उमटावा, असा नियमही घालून दिला आहे. पण नियम पाळणारी कारागिरी मधे नसेल, तर पडद्यावर आचारी आणि आचार्य दोघेही पाय मोडून पडतात. त्याच्याही पलीकडे, मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाहून निराळे आहेत. फाँट घडविणाऱ्याने दोन्ही वळणे भरून ठेवली आणि मजकूर मराठी आहे हे यंत्राला सांगितले, तर आपले वळण मिळू शकते. कोणी मागितलेच नाही, तर जे आधी भरलेले असेल ते मिळते.

या इतिहासाचा मथितार्थ आमच्या मते असा आहे. सत्तर वर्षांपूर्वी वेलांटीची जागा बदलावी असे थोरामोठ्यांना प्रामाणिकपणे वाटले. ती बदलली नाही, आणि यंत्रच वेलांटी मागे न्यायला शिकले. मात्र ते आपोआप शिकले नाही. त्सुकुबातील संशोधकांनी आणि इराणातून आलेल्या एका कारागिराने ते शिकविले. फुकट दिले, आणि उघडे ठेवले. उघडे ठेवले याचा अर्थ असा की आपणही त्यात हात घालू शकतो. कोठे रफार चुकतो, कोठे जोडाक्षर तुटते, हे जितके या सभागृहातील श्रोत्यांच्या नजरेला चटकन दिसेल, तितके परक्या कारागिराला दिसणार नाही. ती चूक हेरून, उदाहरणासह लिहून पाठविणे यास विशेष विद्वत्ता लागत नाही. आपली लिपी जेथे अजून 'ऐच्छिक' सदरात पडली आहे, तेथे ती इच्छा कोणी तरी व्यक्त करावी लागते, आणि ती मराठी लिहिणाऱ्यांनीच केली पाहिजे.