व्हेटली यांचे ‘सोपे धडे’ आणि आयर्लंडमधील मजूर

अर्थशास्त्र बालवयातच शिकवावे, हा विचार एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये रुजला. जेन मार्सेट यांनी १८१६ मध्ये हा विषय संवादरूपाने मांडला होता. परंतु त्याला प्राथमिक शाळेच्या बाकापर्यंत नेले ते रिचर्ड व्हेटली यांनी. ऑक्सफर्ड येथील अर्थशास्त्राचे अध्यापन सोडून ते १८३१ मध्ये डब्लिनचे आर्चबिशप झाले व त्याच वर्षी आयर्लंडच्या नव्या राष्ट्रीय शिक्षण मंडळाचे सदस्यही झाले. पैशाच्या व्यवहारांवरील त्यांचे ‘सोपे धडे’ १८३३ मध्ये प्रसिद्ध झाले व पुढे मंडळाच्या क्रमिक पुस्तकांत गेले.

त्यांतील मजुरीवरील पाठ विशेष लक्षणीय आहे. नांगऱ्यापेक्षा सुतार अधिक का मिळवतो आणि घड्याळजी त्या दोघांहूनही अधिक का? तो अधिक राबतो म्हणून नव्हे. ते कसब अंगी येण्यास काळ व पैसा लागतो आणि ते जाणणारे थोडे असतात, म्हणून. मजुरीचे दर कायद्याने ठरविणे अर्थातच व्यर्थ. व्हेटली हे तर्कशास्त्र व वक्तृत्वशास्त्र या दोहोंवरील ग्रंथांचे कर्ते होते, याचे येथे स्मरण होते. स्पर्धेचा नियम ते घोकावयास लावीत नाहीत; तो जणू मुलाने स्वतःच काढलेला निष्कर्ष वाटावा, अशी वाक्यांची मांडणी आहे. भाषा इतकी सुबोध, की शंका घेणारे मूल मंदबुद्धीच ठरावे!

या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत आहे. मजुराच्या श्रमाला कोठे तरी गिऱ्हाईक असतेच, ही ती गोष्ट होय. पुस्तक निघाले त्याच वर्षी आयर्लंडमधील दारिद्र्याच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि त्याचे अध्यक्ष व्हेटलीच होते. वर्षातील तीस आठवडे ५,८५,००० मजूर बेकार असतात व आश्रितांसह ही संख्या २३,८५,००० होते, असा अंदाज आयोगाने १८३६ मध्ये नोंदविला. कामच नाही, तेथे वर्कहाउसचा धाक घालून माणूस कामाला कसा लागणार? आयोगाने जमिनीची सुधारणा व देशांतरास साहाय्य सुचविले. सरकारने ते बाजूस सारून १८३८ मध्ये वर्कहाउसचाच कायदा केला. धड्यातील सुताराला व नांगऱ्याला मात्र काम आहेच.

१८४५ पासून बटाट्याचे पीक बुडू लागले. १८४६ मध्ये आयर्लंडची ही क्रमिक पुस्तके अप्पर कॅनडातील शाळांसाठी मान्य झाली. पुढच्याच वर्षी दुष्काळातून निसटलेली आयरिश कुटुंबे मोठ्या संख्येने कॅनडात उतरली.