चेन्नईचा मदरबोर्ड आणि घड्याळाचा वेग

जुलै २०१८ मध्ये आयआयटी मद्रासच्या ‘राइज’ गटाने ‘राइसक्रीक’ ही चिप जाहीर केली. प्रा. व्ही. कामकोटी यांच्या नेतृत्वाखालील ‘शक्ती’ प्रकल्पाचे हे पहिले दृश्य फळ. रचना चेन्नईची, घडण मात्र अमेरिकेतल्या ओरेगॉन येथील इंटेलच्या कारखान्यात, २२ नॅनोमीटर तंत्राने. घोषणेच्या वेळी तिचा वेग ४०० मेगाहर्ट्झ सांगण्यात आला. त्याच वर्षी त्याच सी-क्लास गाभ्यावर आधारलेली ‘रिमो’ ही दुसरी चिप चंडीगडच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीत, १८० नॅनोमीटर तंत्राने, तयार झाली. ती धावली ७० मेगाहर्ट्झच्या घरात. गाभा एकच, घड्याळ मात्र पाचपटींहून अधिक मंदावले.

वाचकाच्या मनात येणारा प्रश्न साधा आहे: मग घड्याळ वाढवले का नाही? घरगुती संगणकाच्या जगात त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, आणि त्याचा इतिहास प्रोसेसरइतकाच मदरबोर्डचाही इतिहास आहे.

ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने ‘सेलेरॉन ३००ए’ हा स्वस्त प्रोसेसर आणला. त्याचा गुणक ४.५ वर कायम केलेला होता आणि बसचा वेग ६६ मेगाहर्ट्झ; गुणाकार ३००. गुणक बदलता येत नव्हता, पण बस बदलता येत होती. ती १०० वर नेली की हाच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर धावे, आणि पुष्कळ नगांना ते पेलतही असे. मात्र हे वाटेल त्या बोर्डवर सुखाने जमत नसे. पीसीआय बसचा वेग मुख्य बसला भागून काढला जातो: ६६ ला दोनाने, १०० ला तीनाने, म्हणजे दोन्ही वेळा ३३. ज्या बोर्डवर तीनाचा भागाकार नाही, तिथे मुख्य बस वाढवताच पीसीआयही वर ओढली जाई. प्रोसेसर शाबूत असूनही हार्ड डिस्कवरची माहिती बिघडण्याची भीती असे. इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटला १०० चा वेग अधिकृतपणे मान्य होता. त्यावर बांधलेल्या अ‍ॅबिट कंपनीच्या ‘बीएच६’ने बस आणि व्होल्टेज यांची निवड जंपरवरून काढून बायोसच्या पडद्यावर आणली. मुंबईकरांना जसा लॅमिंग्टन रोड, तशी चेन्नईकरांना अण्णा सालईलगतची रिची स्ट्रीट. अशा बाजारांत बोर्ड निवडताना खोक्यावरच्या चित्रापेक्षा चिपसेट पाहावा, हे शहाणपण त्या पिढीने शिकवले.

दुसरी अडचण विजेची. चिपची गतिज शक्ती वारंवारतेच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही. ३०० वरून ४५० वर जाताना व्होल्टेज २ वरून २.२ केले, तर शक्ती सुमारे १.८ पट होते. ती पुरवायची मदरबोर्डवरच्या व्होल्टेज नियामकाने, आणि क्षणाक्षणाला बदलणारी मागणी सांभाळायची भोवतीच्या कपॅसिटरांनी. नियामक दुबळा असेल तर भार येताच व्होल्टेज खाली बसते आणि चिप चुकते. बायोसमध्ये पर्याय किती आहेत याला महत्त्व आहे, पण ते यानंतर.

तरीही ‘रिमो’चा वेग बोर्डने अडवलेला नव्हता. दोष केवळ १८० नॅनोमीटरवर ढकलणेही प्रामाणिक नाही: मार्च २००० मध्ये इंटेलचा पेंटियम ३ त्याच मापाच्या तंत्रावर १ गिगाहर्ट्झला पोहोचला होता. त्यामागे अधिक टप्प्यांची पाइपलाइन होती आणि अव्वल वेगासाठी वर्षानुवर्षे कसलेली निर्मितीप्रक्रिया होती. शक्तीचा सी-क्लास गाभा पाच टप्प्यांचा, आणि चंडीगडच्या प्रयोगशाळेचा इतिहास खडतर. १९८० च्या दशकात उत्पादनाला लागलेली ही संस्था १९८९ च्या आगीत होरपळली आणि पुन्हा उभी राहायला वर्षे गेली. पुढे ती अंतराळ विभागाकडे आली. तिथे वेगापेक्षा भरवसा मोलाचा ठरला.

सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या ‘मौशिक’कडे म्हणूनच वेगळ्या नजरेने पाहावे लागते. तिचा वेग ७५ ते १०० मेगाहर्ट्झ. बातम्यांनी तो जवळजवळ कुजबुजतच सांगितला. उपकरणांत बसणाऱ्या नियंत्रक चिपला तेवढा पुरतो. तिच्यासाठी चेन्नईत ‘आर्डोनिक्स १.०’ हा मदरबोर्ड रचला गेला, याची दखल मात्र फारशी कुणी घेतली नाही. वास्तविक नवी चिप हाती आल्यावर ती जिवंत आहे की नाही हे बोर्डशिवाय कळतच नाही. घड्याळ, वीज, स्मृती यांतले काही चुकले, तर निर्दोष चिपही मृत भासते, आणि चूक कुठली हे शोधण्यात दिवस जातात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये इस्रो आणि आयआयटी मद्रास यांनी ‘आयरिस’ ही अंतराळासाठीची शक्ती-आधारित नियंत्रक चिप सुरू करून दाखवली. कल्पना तिरुवनंतपुरमच्या इस्रो जडत्व प्रणाली एककाची. चिप चंडीगडला घडली, तिचे पॅकेजिंग कर्नाटकात टाटा अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम्सने केले, मदरबोर्डची पट्टी गुजरातेत पीसीबी पॉवरने बनवली आणि त्यावर भाग बसवले चेन्नईच्या सिरमा एसजीएसने. छंदिष्ट ओव्हरक्लॉकर जी सुरक्षित मर्यादा कुरतडत पुढे जातो, ती मर्यादा अंतराळातल्या बोर्डवर उलट जपून ठेवावी लागते. निर्वात पोकळीत पंखा लावून उष्णता उडवता येत नाही. ती बोर्डमधून वाहून सांगाड्यात न्यावी लागते. प्रारण एखादा बिट उलटवते, म्हणून रचनेतच चूक सोसण्याची सोय ठेवलेली असते.

‘रिमो’ आणि ‘मौशिक’ यांच्यानंतर चंडीगडला घडलेली शक्तीची ही तिसरी चिप. तिघींपैकी एकीनेही वेगाचा विक्रम केलेला नाही.